खुदकन हसणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यामध्ये मी मराठी लेखन आणि मुद्रितशोधन शिकवतो. वर्गात येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत काम करून सायंकाळी अनुवाद करणारे आहेत आणि मुलांसाठी गोष्टी लिहू पाहणाऱ्या गृहिणीही आहेत. ‘हसणे’ या साध्या क्रियापदाभोवती त्यांना जितक्या शंका येतात तितक्या फार थोड्या शब्दांभोवती येतात, आणि त्यांपैकी बहुतेक शंका शेवटी ‘खुदकन’ या शब्दाशी येऊन थांबतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘खुदकन हसणे’ म्हणजे नेमके कसे हसणे?

अचानक, एकदाच, ओठ फारसे न उघडता आणि शेजारच्या माणसालाच जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात हसणे म्हणजे खुदकन हसणे. तुर्भ्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेली मुलगी मोबाइलवर काहीतरी वाचते, तिच्या नाकातून श्वास एकदम सुटतो, खांदे एकदाच हलतात, आणि समोरच्या बाईंनी मान वर करेपर्यंत तिचा चेहरा पुन्हा जागेवर आलेला असतो. ती मुलगी खुदकन हसली असे आपण म्हणतो. हसताना माणसाचा श्वास तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत असतो. मोठ्या हसण्यात अशा तुकड्यांची मालिका असते, तर खुदकन हसण्यात जवळजवळ एकच तुकडा असतो.

या शब्दाला आणखी एक अट आहे, जी कोशातल्या अर्थात सहसा सापडत नाही, पण बोलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. खुदकन हसण्यात डंख नसतो. दुसऱ्याची फजिती पाहून वाईट हेतूने हसणारा माणूस कितीही हळू हसला तरी तो ‘खुदकन’ हसत नाही. त्यासाठी ‘कुत्सित’, ‘छद्मी’ हे शब्द आहेत.

‘हसणे’ हा शब्द असताना त्याला ‘खुदकन’ची जोड कशाला हवी?

कारण मराठीत ‘हसणे’ या एकाच क्रियापदावर फार मोठा भार आहे. ओठांची कड किंचित वर गेली तरी आपण ‘तो हसला’ म्हणतो आणि पोट धरून जमिनीवर लोळला तरी ‘तो हसला’ असेच म्हणतो. हिंदीत ‘हँसना’ आणि ‘मुस्कुराना’ अशी वाटणी आहे. मराठीत ‘स्मित करणे’ आहे खरे, पण ते लिहिण्यात शोभते. तलावपाळीवर भेळ खाताना कोणी ‘तिने स्मित केले’ असे म्हणत नाही, ‘तिने स्माइल दिली’ असे म्हणते. अलीकडे नवी मुंबईच्या शाळांमध्ये ‘ती मुस्कुरली’ असेही ऐकू येते, कारण तिथे मैदानावरची भाषा बहुतांशी हिंदी असते.

मराठीने ही उणीव वेगळ्या रीतीने भरून काढली आहे. आपण क्रियापद एकच ठेवतो आणि हसण्याची जात त्याच्या आधीच्या शब्दावर सोपवतो: खुदकन, खुदुखुदु, खळखळून, खदाखदा, फिदीफिदी, गालातल्या गालात, मिश्कीलपणे, कसनुसे. म्हणूनच मराठी गद्यात नुसते ‘हसला’ लिहून पुढे जाणे बरेचदा अपुरे ठरते. वाचकाला हसणारा माणूस दिसतो, परंतु त्याचे हसणे दिसत नाही.

‘खुदकन’ आणि ‘खुदुखुदु’ यांत काय फरक आहे?

‘-कन’ हा प्रत्यय लागलेले मराठी शब्द एकदाच आणि एकदम घडणारी क्रिया दाखवतात. मटकन खाली बसणे, डोळ्यांत टचकन पाणी येणे, टुणकन उडी मारणे, सटकन निसटणे या सर्व क्रियांना सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये जागाच नसते. ‘खुदकन’ही त्याच कुळातला शब्द आहे. त्यामुळे ‘तो बराच वेळ खुदकन हसत होता’ हे वाक्य कानाला खटकते. असे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिले तर व्याकरणाचा कोणताही नियम ठाऊक नसलेली माणसेसुद्धा कपाळाला आठी घालतात.

हसणे चालू राहणार असेल तर ‘खुदुखुदु’ वापरावे. ‘आजोबा गोष्ट सांगत होते आणि नात पांघरुणात तोंड खुपसून खुदुखुदु हसत होती’ हे वाक्य बरोबर आहे, कारण तिथे हसण्याचे लहान लहान उमाळे एकामागून एक येत आहेत. नेहमी घडणारी गोष्ट सांगताना मात्र ‘खुदकन’ चालते. ‘आई कामावरून आली की बाळ खुदकन हसते’ या वाक्यात हसणे रोजचे असले तरी प्रत्येक वेळचे हसणे क्षणाचेच आहे.

‘हसवणे’ या प्रयोजक क्रियापदाबरोबरही ‘खुदकन’ नीट बसत नाही. बाळाला खुदुखुदु हसवता येते, कारण त्यात हसवणाऱ्याचा खटाटोप दिसतो. खुदकन हसू मात्र ज्याचे त्याला फुटावे लागते.

लिहायचे कसे : खुदकन, खुदकन्, खुद्कन, खुदुखुदु की खुदूखुदू?

उच्चारात ‘द’ अर्धा आणि शेवटचा ‘न’ही अर्धाच असतो, परंतु आजच्या लेखनात पाय न मोडता ‘खुदकन’ असेच लिहितात. जुन्या पुस्तकांत ‘खुदकन्’ दिसते. ते त्या काळाच्या पद्धतीला धरून होते, म्हणून जुना मजकूर जसाच्या तसा उद्धृत करताना ते बदलू नये.

‘खुदुखुदु’मधील चारही उकार ऱ्हस्व आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत पुनरुक्त शब्दांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. ‘हळूहळू’, ‘चिरीमिरी’ अशा शब्दांत दुसरे आणि चौथे अक्षर दीर्घ लिहायचे, पण शब्द नादानुकारी असेल, म्हणजे आवाजाची किंवा हालचालीची नक्कल करणारा असेल, तर तो उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व लिहायचा. नियमातच ‘लुटुलुटु’, ‘दुडुदुडु’, ‘रुणुझुणु’ ही उदाहरणे दिलेली आहेत आणि ‘खुदुखुदु’ त्यांच्याच पंक्तीत बसते. जाहिरातींत आणि मुलांच्या पुस्तकांत ‘खुदूखुदू’ सर्रास छापले जाते. तो लेखनदोष आहे, पण अर्थाची हानी करणारा नाही.

जाता जाता: ‘हंसणें’, ‘हंशा’ हे अनुस्वार जुन्या लेखनाचे आहेत. आज ‘हसणे’ आणि ‘हशा’ लिहावे. ‘मिश्कील’मधील ‘की’ दीर्घ असतो.

खुदुखुदु, खदाखदा, फिदीफिदी हे शब्द इतके सारखे असून त्यांचे अर्थ इतके वेगळे कसे?

या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे, आणि माझ्या मते ‘खुदकन’चा सगळा अर्थ त्याच्या ‘उ’मध्ये साठलेला आहे. हे तिन्ही शब्द आरशासमोर उभे राहून सावकाश म्हणून पाहावेत. ‘खुदुखुदु’ म्हणताना ओठ गोल होऊन जवळ येतात आणि तोंड जवळजवळ मिटते. ‘खदाखदा’ म्हणताना जबडा खाली येतो आणि तोंड सताड उघडते. ‘फिदीफिदी’ म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात आणि दात दिसू लागतात. ज्या हसण्याचे वर्णन करायचे त्याच हसण्याचा आकार शब्द उच्चारताना तोंडाला येतो. फिदीफिदी हसणाऱ्याला आपण ‘दात काय काढतोस’ असे विचारतो, ते उगाच नाही.

हा खेळ हसण्यापुरता मर्यादित नाही. नवी चप्पल करकर वाजते, जुनी खाट कुरकुरते आणि रातकिडे किरकिर करतात. पाणी खळखळते, तर मुठीतली नाणी खुळखुळतात. ताट पडले की टणकन आवाज होतो, पण चेंडू टुणकन उडतो. लहान मूल दुडुदुडु धावते आणि लुटुलुटु चालते. रडण्यातही हीच वाटणी आहे: मोठ्याने रडणारा ढसाढसा रडतो, आणि कोपऱ्यात बसून आवाज न करता रडणारा मुळुमुळु रडतो. या सगळ्यांत ‘उ’ असलेला शब्द बहुतेक वेळा लहान, दबलेला किंवा नाजूक आवाज दाखवतो, ‘अ’ आणि ‘आ’ मोकळा किंवा मोठा आवाज दाखवतात, आणि ‘इ’ला बारीक, कानाला टोचणारा आवाज लागतो. हा कल आहे, नियम नव्हे. ‘भुभुःकार’ या शब्दात उकारांची रेलचेल असूनही तो आवाज सात घरे ओलांडून जातो.

‘खदखदणे’ या शब्दाला आता दुसराही अर्थ चिकटला आहे. भात खदखदतो तसा मनातला संतापही खदखदतो, आणि वृत्तपत्रांत ‘खदखद’ हा शब्द जवळजवळ असंतोषासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला आहे. तरीही ‘खदखदून हसणे’ अबाधित राहिले आहे आणि त्याने कोणाचा गोंधळ होत नाही.

‘स्मित’ आणि ‘खुदकन हसणे’ एकच आहे का?

नाही. स्मिताला आवाज नसतो, खुदकन हसण्याला तो असतो, मग तो कितीही लहान असो. हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाच्या संदर्भात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांतील पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांसाठी नेमून दिलेले आहेत. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. हसितात चेहरा आणि डोळे उमलतात आणि दात थोडे दिसतात. विहसितात आवाज प्रवेश करतो, पण तो मधुर आणि प्रसंगाला धरून असतो, आणि डोळे व गाल आकुंचन पावतात. उपहसितात नाकपुड्या फुगतात आणि नजर वाकडी होते. अपहसितात भलत्या वेळी हसता हसता डोळ्यांत पाणी येते आणि खांदे व डोके गदगदते. अतिहसितात आरडाओरडा होतो आणि हसणारा दोन्ही कुशी हातांनी दाबून धरतो.

‘खुदकन’ या मांडणीत बसवायचे तर ते हसिताच्या पुढे आणि विहसिताच्या उंबरठ्यावर बसेल. आवाज आहे, तो गोड आहे, वेळेवर आलेला आहे, परंतु डोळे मिटेपर्यंत गोष्ट पोहोचलेली नाही. अर्थात भरत नटांना अभिनय शिकवत होता, शब्दांचे अर्थ लावत नव्हता. त्यामुळे हे जुळवणे आपल्या सोयीचे आहे एवढे भान ठेवावे. मोठ्याने हसणे हे हलक्या माणसाचे लक्षण, हा त्यातला निवाडाही आज कोणी मान्य करण्याची गरज नाही.

‘स्मितहास्य’ हा शब्द ‘पिवळा पीतांबर’सारखा द्विरुक्त आहे, अशी तक्रार अनेक शुद्धतावादी करतात. मला ती पटत नाही. हास्याच्या अनेक प्रकारांतला स्मित हा एक प्रकार असल्यामुळे ‘स्मितहास्य’ची घडण ‘आम्रवृक्ष’सारखी आहे, आणि आम्रवृक्षाला कोणी द्विरुक्त म्हणत नाही.

‘गालातल्या गालात हसणे’ हे ‘खुदकन हसणे’पेक्षा वेगळे कसे?

गालातल्या गालात हसणारा माणूस आपले हसू स्वतःपाशी ठेवतो. त्याला काहीतरी माहीत असते जे समोरच्याला माहीत नसते, किंवा त्याला गंमत वाटलेली असते पण ती वाटून घ्यायची नसते. खुदकन हसणाऱ्याचे हसू त्याच्या हातातून निसटलेले असते. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष पार्किंगच्या नियमांवर तावातावाने बोलत असताना, त्यांचीच गाडी फाटकासमोर उभी आहे हे ज्यांना ठाऊक आहे ते सचिव गालातल्या गालात हसतात. तेच नुकते कळलेली त्यांची शेजारीण खुदकन हसते आणि लगेच रुमाल तोंडाला लावते.

‘मिशीतल्या मिशीत हसणे’ याला वयाचा आणि अधिकाराचा वास आहे. ‘ओठातल्या ओठात’ हा प्रयोग हसण्याबरोबर चालतो, तरी पुटपुटण्याबरोबर तो अधिक शोभतो.

‘ती मला हसली’ आणि ‘ती माझ्याकडे पाहून हसली’ यांत फरक आहे का?

फार मोठा फरक आहे, आणि याबाबतीत झालेली चूक नाती बिघडवू शकते. ‘मला हसली’ म्हणजे तिने माझी टर उडवली. ‘माझ्याकडे पाहून हसली’ म्हणजे तिने ओळख दाखवली किंवा आनंद व्यक्त केला. ‘लोक काय म्हणतील’ याच्या जोडीला आपण ‘लोक हसतील’ म्हणतो, तेव्हा ‘आपल्याला हसतील’ हेच अभिप्रेत असते. ‘माझ्यावर हसली’ हा प्रयोग हिंदी आणि इंग्रजीच्या ओघात आलेला असून लेखनात तो टाळावा.

वर्गातल्या एका अनुवादात ‘नव्या शेजारीणबाई लिफ्टमध्ये मला हसल्या’ असे वाक्य आले होते. मूळ कथेत त्या शेजारीणबाई स्वभावाने गोड होत्या, पण मराठी वाचकाच्या मनात पहिल्याच पानावर त्यांच्याविषयी अढी बसली असती. ‘मला पाहून हसल्या’ एवढा बदल पुरला.

‘खुदकन’ शब्द आला की ही धार बोथट होते. ‘माझा उलटा घातलेला टी-शर्ट पाहून वहिनी खुदकन हसल्या’ या वाक्यात वहिनी माझ्या वेंधळेपणाला हसल्या हे खरे, तरी त्यात अपमान नाही.

‘त्याने खुदकन हसले’ हे वाक्य बरोबर आहे का?

चूक आहे. ‘हसणे’ हे अकर्मक क्रियापद असल्यामुळे भूतकाळात ते कर्त्याप्रमाणे बदलते: तो हसला, ती हसली, बाळ हसले, आजोबा हसले, सासूबाई हसल्या. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या वह्यांत ‘त्याने हसले’ वारंवार आढळते. ‘त्याने स्मित केले’ मात्र बरोबर आहे, कारण तिथे क्रियापद ‘करणे’ आहे आणि ‘स्मित’ त्याचे कर्म आहे.

‘खुदकन’ हे क्रियाविशेषण अव्यय असल्याने ते स्वतः कधीही बदलत नाही. ‘खुदकनपणे’ किंवा ‘खुदकनचे हसू’ अशी रूपे करू नयेत. नाम हवे असेल तर ‘तिला खुदकन हसू आले’ किंवा ‘हसू फुटले’ असे लिहावे. ‘हसू’ नपुंसकलिंगी आहे, ‘हशा’ पुल्लिंगी.

तान्हे बाळ झोपेत हसते त्याला ‘खुदकन’ म्हणता येईल का?

बोलण्यात म्हणतातच. पाचवीच्या पूजेनंतर सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते आणि मग झोपेत तीच त्याला हसवते नि रडवते, असे घरातल्या आजी सांगतात. नेरूळच्या पंधराव्या मजल्यावरच्या घरातही पाळण्याशी हेच बोलणे ऐकू येते.

काटेकोरपणे पाहायचे तर नवजात बाळाचे झोपेतले हसू हे निव्वळ ओठांची हालचाल असते, त्याला आवाज नसतो. समोरच्या माणसाकडे पाहून बाळ ओळखीचे हसते ते साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, आणि आवाज काढून हसू लागते ते साधारण तीन-चार महिन्यांनी. म्हणजे ‘खुदकन’ हा शब्द शब्दशः लागू होण्यासाठी बाळाला तितके मोठे व्हावे लागते. गोष्ट किंवा अंगाई लिहिणाऱ्याने हा हिशेब मांडत बसू नये. बालसंगोपनाविषयी माहितीपर लेख लिहिणाऱ्याने मात्र ‘स्मित’ आणि ‘आवाज करून हसणे’ हे दोन टप्पे वेगळ्या शब्दांनी दाखवावेत, कारण पालक त्या वर्णनाशी आपल्या बाळाची तुलना करून पाहत असतात.

हा शब्द केवळ मुले आणि स्त्रिया यांच्यासाठीच आहे का?

व्याकरण तसे म्हणत नाही. सवय मात्र तशी पडलेली आहे. कथा-कादंबऱ्यांत नायिका खुदकन हसते आणि नायक ‘मंद हसतो’, ‘दिलखुलास हसतो’ किंवा ‘मोठ्याने हसतो’. प्रत्यक्षात सकाळच्या गर्दीच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा कंडक्टर, एखाद्या प्रवाशाच्या हजरजबाबी उत्तरावर खुदकन हसतो आणि तिकीट फाडून देतो, हे ठाण्यात कोणीही पाहिलेले असते. शब्दाची निरागसता इथे कामी येते: ज्याच्याकडून कोवळेपणाची अपेक्षा नव्हती त्याच्या चेहऱ्यावर तो क्षणभर दिसला, एवढे सगळे त्या एका शब्दात सांगून होते. पुरुषपात्रासाठी हा शब्द अवश्य वापरावा, पण खलनायकाला तो देऊ नये.

‘खसखस’, ‘खुसखुस’ आणि ‘हशा’ कधी वापरावे?

हे तिन्ही समुदायाच्या हसण्याचे शब्द आहेत. तलावपाळीशेजारच्या गडकरी रंगायतनमध्ये एखादा विनोदी प्रयोग पाहताना त्यांच्यातला फरक कानांनीच कळतो. नटाने वाक्य टाकताच सगळे प्रेक्षागृह एकदम हसले तर हशा पिकला. वाक्यातली खोच काहींना आधी आणि काहींना मागून कळली आणि हसण्याची हलकी लाट रांगांमधून फिरली, तर खसखस पिकली. गंभीर प्रवेशात कोणाच्या तरी मोबाइलवर भजन वाजू लागले आणि बाल्कनीतल्या कॉलेजच्या मुलांना हसू आवरेना, तर ती खुसखुस. तिच्यात दाबलेले हसू आणि कुजबूज मिसळलेली असते. आणि हशा ओसरल्यावर, नटाने पुढचे वाक्य घेण्यापूर्वीच्या शांततेत, चौथ्या रांगेतल्या एका बाईंना उशिरा विनोद कळतो, तेव्हा त्या एकट्या खुदकन हसतात. त्या एका हसण्यावर कधीकधी दुसरा हशा पिकतो आणि अनुभवी नट त्यासाठी थांबतोही.

हशाला आणि खसखशीला ‘पिकणे’ हेच क्रियापद लागते. ‘हशा झाला’ हे समजते, पण ते अळणी आहे. खुसखुस मात्र पिकत नाही, ती ‘चालते’ किंवा ‘सुरू होते’. ‘खुसखुशीत’ हे विशेषण करंजीला आणि हलक्याफुलक्या लेखाला सारखेच लागते.

इंग्रजीतील ‘चकल’, ‘गिगल’, ‘स्निगर’ यांचा अनुवाद कसा करावा?

एकास एक शब्द ठरवून ठेवू नये. ‘चकल’साठी ‘खुदकन’ सर्वांत जवळचा आहे खरा, पण इंग्रजी कादंबरीतला चिरूट ओढणारा म्हातारा वकील जेव्हा ‘चकल’ करतो तेव्हा तो आवाज घशातून आलेला, समाधानाचा आणि बराच वेळ चालणारा असू शकतो. तिथे ‘तो खुदकन हसला’ लिहिले तर वकिलाचे एकदम बाळ होते. ‘तो घशातल्या घशात हसला’ किंवा ‘मिशीतल्या मिशीत हसला’ हे अधिक बरे. ‘गिगल’ला प्रसंगानुसार ‘खुदुखुदु’, ‘खुसखुस’ किंवा ‘खिदळणे’ लागू पडते. ‘खिदळणे’त बोलणाऱ्याची नापसंती येते, हे लक्षात ठेवावे. ‘स्निगर’ म्हणजे ‘फिदीफिदी’ किंवा ‘तोंड दाबून कुत्सित हसणे’.

संवाद अनुवादित करताना ‘“खरंच?” तो खुदकन हसला’ अशी रचना पानोपानी करण्याचा मोह टाळावा. इंग्रजीत बोलण्याच्या क्रियापदाच्या जागी हसण्याचे क्रियापद ठेवण्याची रीत आहे. मराठीत ‘खुदकन हसत’ हेही अडचणीचे, कारण एका क्षणाच्या हसण्यात पूर्ण वाक्य बोलून होत नाही. ‘ती खुदकन हसली आणि म्हणाली’ ही साधी रचना सर्वांत निर्धोक आहे.

हास्यक्लबमधले हसणे यात बसते का?

बसत नाही. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेली हास्यक्लबची पद्धत आता ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कित्येक उद्यानांत सकाळी दिसते. तिच्यात ठरवून, हात वर करून, मोकळ्या गळ्याने हसायचे असते. कवायतीतले हे हसणे संपल्यावर बाकावर बसलेल्या दोन काकूंना एकमेकींकडे पाहून जे हसू फुटते, त्यासाठी मात्र ‘खुदकन’ खुशाल वापरावे.

‘खुदकन’चा ‘खुद्द’ किंवा हिंदीतील ‘खुद’ या शब्दांशी संबंध आहे का?

नाही. ते शब्द फारसीतून आलेले असून त्यांचा अर्थ ‘स्वतः’ असा आहे. ‘खुदकन’ नादानुकारी आहे.

मोबाइलवरच्या गप्पांत ‘खुदकन’ कसे लिहावे?

तिथे ‘खिक्’, ‘फिस्स’, ‘हीहीही’, ‘ख्या ख्या ख्या’ अशी थेट आवाजाची रूपे रूढ झाली आहेत. ‘खिक्’ हे हळू हसण्याच्या सर्वांत जवळ जाते, फक्त त्यात ‘इ’चा किंचित खट्याळपणा आहे. नुसते ‘खुदकन’ एवढेच उत्तर म्हणून पाठवण्याची पद्धतही काही जणांत आहे, आणि मला ती आवडते: क्रियापद गाळूनही अर्थ पूर्ण पोहोचतो.

जुन्या कोशांत हा शब्द कुठे शोधावा?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, नादानुकारी क्रियाविशेषणे मूळ ध्वनीपुढे ‘कन’, ‘कर’, ‘दिनी’, ‘दिशी’ असे प्रत्यय जोडून एकत्र नोंदवण्याची पद्धत आहे. त्यामुळे ‘झटकन’ आणि ‘झटदिशी’ असे शब्द एकाच जागी पाहावे लागतात. १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही सोबत पाहावा. छापील प्रत हाताळायची असेल तर ठाणेकरांनी प्रथम १८९३ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. शोधताना जुने लेखन डोळ्यांसमोर ठेवावे, नाहीतर अनुस्वारामुळे ‘हसणे’सुद्धा अपेक्षित पानावर सापडत नाही.

बातमी, इतिवृत्त किंवा कार्यालयीन पत्रात ‘खुदकन’ चालेल का?

इतिवृत्तात चालणार नाही. विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदीत सभागृह हसले की कंसात ‘हशा’ एवढेच नोंदवतात, आणि सोसायटीच्या किंवा संस्थेच्या सभेच्या इतिवृत्तातही त्याहून अधिक लिहू नये, कारण कोण कसे हसले हे लिहिणे म्हणजे त्याच्या मनाविषयी मत देणे होते. बातमीत व्यक्तिचित्रणाचा भाग असेल, उदाहरणार्थ शंभरी गाठलेल्या आजींची मुलाखत, तर ‘प्रश्न ऐकून आजी खुदकन हसल्या’ हे वाक्य योग्य आहे, मात्र वार्ताहराने ते स्वतः पाहिलेले असावे. न्यायालयीन जबाबात किंवा चौकशी अहवालात ‘हसली’ एवढेच लिहून, आवाज झाला की नाही आणि ती कोणाकडे पाहत होती, हे स्वतंत्र वाक्यांत नोंदवावे.